हाक मारण्याचा हक्क

कुत्र्याला कसे शिकवावे यावर बाजारात पुस्तके पुष्कळ मिळतात. बसायला कसे शिकवावे, जोडे न चावायला कसे शिकवावे, पाहुण्यांवर न भुंकायला कसे शिकवावे, सगळे चित्रांसकट. पण आपण ‘ये’ म्हणावे आणि त्याने चाललेला उद्योग टाकून यावे, हा हक्क आपल्याला दिला कोणी, असा प्रश्न त्यातल्या एकाही पुस्तकाला पडलेला मला दिसला नाही. खरे सांगायचे तर मलाही तो पडला नसता. तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला आपण बोलवावे आणि समोरच्याने यावे यात विचार करण्याजोगे काही वाटतच नाही. मला तो प्रश्न पडायला एक करडू मरावे लागले.

आमचे चांदनी बुऱ्हाणपूर जिल्ह्यात. लोहमार्गाने भुसावळकडून आलात तर बुऱ्हाणपूर, असीरगड रोड, चांदनी आणि मग नेपानगर. नेपानगरच्या कागद गिरणीचे नाव तरी वाचकांना ठाऊक असेल. पंडित नेहरूंनी १९५६ साली ती राष्ट्राला अर्पण केली आणि पुढे कितीतरी वर्षे देशातली वर्तमानपत्रे तिच्या कागदावर निघाली. तेच १९५६ साल आमच्या भाषेच्या दृष्टीनेही निकालाचे ठरले. वऱ्हाड-नागपूर मुंबई राज्यात गेले, निमाड मध्य प्रदेशात राहिला, आणि आमच्यासारख्या घरांत हिशोब हिंदीत आणि भांडण मराठीत अशी वाटणी कायम झाली. २००३ साली खंडव्यातून बुऱ्हाणपूर जिल्हा वेगळा निघाला, पण त्याने या वाटणीत काही फरक पडला नाही. असो. मी जवळच्याच एका शाळेत होतो. २०१५ साली निवृत्त झालो आणि घरी बसल्यावर सौ.च्या लक्षात आले की या माणसाला कोणालातरी शिकवल्यावाचून जेवण जात नाही.

तिचे वडील भुसावळला रेल्वेत होते, म्हणून आमचे लग्न जमले. पुढे ती मंडळी आपल्या मूळ गावी, जत तालुक्यात, परतली. २०१७ च्या भाऊबीजेला मेहुणे तिकडून आले ते कापडी पिशवीतून एक पिल्लू घेऊन. ओवाळणीच्या ताटात ठेवलेले ते हाडकुळे, लांब नाकाचे, मोठ्या कानांचे ध्यान पाहून सौ.च्या डोळ्यांना पाणी आले. तिच्या लहानपणी त्यांच्या वस्तीवर अशीच कुत्री होती म्हणे. मला मात्र ते उपाशी बकरीसारखे दिसले. नातवाने त्याचे नाव ‘पवन’ ठेवले. तो हिंदी शाळेत जातो, म्हणून नाव हिंदी. सौ.ने त्याचे लगेच ‘पवन्या’ केले. येथवर सगळे ठीक होते.

या कुत्र्याला जतकडे नुसते कारवानी म्हणतात. अंगावर रेशमी लांब केस असले तर पश्मी. सीमेपलीकडे कर्नाटकात तेच मुधोळ होते. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी ‘कॅरव्हान हाउंड’, डाक खात्याने २००५ साली काढलेल्या तिकिटावर ‘मुधोळ हाउंड’. मुधोळ हे घोरपडे घराण्याचे मराठा संस्थान. तिथल्या मालोजीराव राजांनी ही जात जोपासली आणि तिची जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली, हे प्रसिद्ध आहे. संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात गेले. म्हणजे आमचा पवन्या आमच्यासारखाच, त्याच सालाने सीमेवर आणून सोडलेल्या मुलखातला. २०१६ साली सैन्याच्या मेरठच्या केंद्राने ही कुत्री शिकवण्यासाठी नेली, तेव्हा मेहुण्यांनी फोन करून सांगितले, जणू घरातलेच कोणी भरती झाले. पिल्लू पाठवण्याची कल्पना त्यांना तेव्हाच सुचली असावी.

सहा महिन्यांत पिल्लाचे जे झाले त्याचे वर्णन करू नये. पाच फुटांची कुंपणाची भिंत त्याला उंबरठ्यासारखी होती. सकाळी तो परसात एवढ्या वेगाने फेऱ्या घाली की पाहणाऱ्याची मान दुखावी. जोडे, चटई, नातवाची दप्तराची पट्टी, सौ.ची जपमाळ, काही सुटले नाही. आणि हाक मारली तर! आपले लॅब्राडोर जातीचे कुत्रे हाक ऐकताच शेपटीसकट निम्मे अंग हलवीत येते. हा महाशय हाक ऐकून आपल्याकडे एकदा पाहणार, ऐकले आहे अशी नोंद घेणार, आणि क्षितिजाकडे तोंड फिरवणार. ऐकूनही न ऐकणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले होते. त्यांचा इलाज मला ठाऊक होता, निदान मला तसे वाटत होते.

त्याला हट्टी म्हणण्यापूर्वी थोडा विचार केला असता तर बरे झाले असते. वास घेत माग काढणारी कुत्री वेगळी. हे डोळ्यांवर चालणारे कुत्रे. तीन शेतांपलीकडे ससा हलला की हे सुटणार. मालक मागे कुठेतरी बांधावर धापा टाकत. ससा डावीकडे वळला तर काय करायचे हे तिथे त्याला सांगणार कोण? जे कुत्रे मान वळवून ‘आता काय करू’ असे विचारीत राहिले त्याचा ससा गेला. आणि ज्याचा ससा गेला त्याची पिल्ले कोणी ठेवली नाहीत. पिढ्यानुपिढ्या माणसाने निवडून निवडून न विचारणारेच कुत्रे राखले. म्हणजे ज्याला मी हट्ट म्हणत होतो ते त्याचे पिढीजात कसब होते, आणि तेही माझ्याच जातभाईंनी त्याच्या रक्तात पेरलेले. त्यात पुन्हा गंमत अशी की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हाच गुन्हा झाला. कायदा योग्य आहे, त्याविषयी वाद नाही. पण ज्या कामासाठी एक जीव घडवला ते काम बंद करायचे, जीव मात्र देखणा म्हणून ठेवून घ्यायचा, आणि त्याने चाळीस बाय साठच्या प्लॉटवर बसून शहाण्यासारखे दूधभाकरी खावी अशी अपेक्षा करायची, यात कुठेतरी आपण देणे लागतो असे मला आता वाटते. तेव्हा वाटत नव्हते.

त्यात भाषेचा घोळ. सीमेवरच्या वाचकांना हे सांगायला नको, पण कुत्र्याच्या बाजूने विचार आपणही कधी केलेला नसेल. मी म्हणे ‘ये’. नातू आपल्या मित्रांशी हिंदीत बोले आणि हिंदीत तर दर दुसरा शब्द ‘ये’. ये मेरा है, ये किसका है, ये देख. सुरुवातीला बिचारा दर ‘ये’ला कान टवकारून पोराजवळ जाई, पोराचे लक्ष नसे. दिवसातून शंभर वेळा फुकट बोलावले गेल्यावर त्याने त्या शब्दाचे मोल ठरवले, आणि ते शून्य ठरवले. ‘बस’चे त्याहून वाईट. मोठ्या कष्टाने मी त्याला ‘बस’ म्हटले की बसायला शिकवले. मग एकदा व्याही जेवायला आले. सूनबाई आग्रहाने वाढू लागल्या, आणि व्याही ताटावर हात धरून ‘बस, बस, बस’ म्हणू लागले. पवन्या तीनदा बसला. सगळे हसले. मीही हसलो, पण त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला नंतर आठवत राहिली. काम केले, आणि घेणारा कोणी नाही.

दरम्यान मी ग्रंथाधार शोधला. बुऱ्हाणपूरहून मुलाने एक इंग्रजी पुस्तक आणले. त्यात लिहिले होते की कुत्रा म्हणजे मुळात लांडगा. लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, बाकीचे त्याच्या धाकात. तेव्हा घरात म्होरक्या तुम्ही व्हा. आधी आपण जेवा, मग त्याला घाला. दारातून आधी आपण जा. गुरगुरला तर उताणा पाडून धरून ठेवा. मला हे एकदम पटले, कारण वर्गात मी दुसरे काय करीत होतो? कोनराड मोस्ट नावाच्या जर्मन पोलीस अधिकाऱ्याने १९१० साली कुत्र्यांच्या शिक्षणावर जे पुस्तक लिहिले त्यातही सक्तीचाच पाया होता, आणि पुढच्या दोन महायुद्धांनी त्याच वाटेने हजारो कुत्री नेली. छडी सगळीकडे सारखीच.

पुढे कळले की म्होरक्याची ती कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ सालच्या निरीक्षणांतून आलेली. आणि ते लांडगे होते प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले. कोंडलेल्या जागी कोण कुणाच्या उरावर बसतो हेच दिसायचे. डेव्हिड मेच या अमेरिकन संशोधकाने १९७० साली लांडग्यांवरच्या आपल्या ग्रंथात ती कल्पना उचलली, आणि त्यानेच १९९९ साली स्वतः जंगलात पाहून लिहिले की मोकळ्या लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक करून एक कुटुंब असते. पुढे चालणारे दोघे म्हणजे आईबाप, मागची त्यांची पोरे. स्वतःच्याच गाजलेल्या ग्रंथातली गोष्ट अशी खोडायला मोठे मन लागते. मी ज्याला हुकूमशहा समजून त्याची नक्कल करीत होतो तो बाप निघाला. पण हे मी वाचले तेव्हा उशीर झाला होता.

२०१८ च्या पौषातली गोष्ट. गावाबाहेर गव्हाच्या शेतांकडे मी त्याला रोज नेत असे. त्या दिवशी पट्टा सोडला, कारण मला खात्री वाटू लागली होती की आता तो माझा आहे. डोंगराच्या कडेने एक कोरकू बाई शेळ्या घेऊन चालली होती. एक करडू मागे राहिले, आईला पाहून पळाले. पळणारी वस्तू. पुढचे सगळे मोजून दहा-बारा श्वासांत झाले. मी ओरडत होतो, ती ओरडत होती. मी पोचलो तेव्हा करडू पडले होते आणि पवन्या गोंधळून त्याच्याभोवती फिरत होता. मग आमचा आरडाओरडा ऐकून लांब पळाला. पाव तासाने मी हाक मारली. आणि त्या दिवशी, वाचकहो, तो पहिल्या हाकेला आला. तोंडाला रक्त, शेपूट हलते आहे, कान मागे पाडलेले. माझ्या पायाशी येऊन बसला. आणि मी हातातल्या काठीने त्याला मारले.

मी त्याला का मारले? शिकवण्यासाठी, असे तेव्हा म्हटले असते. ते खोटे आहे. करडू मरून पाव तास झाला होता. त्या माराचा करडाशी संबंध जोडणे कुत्र्याच्या कुवतीबाहेरचे, आणि हे मला तेव्हाही कळत होते. मी त्याला मारले कारण ती बाई पाहत होती. माझ्या अंगावर आलेला दोष मी तिच्या डोळ्यांदेखत त्याच्या पाठीवर उतरवीत होतो. तिने दोन-चार फटके पाहिले आणि शांतपणे म्हणाली, ‘‘मास्टरजी, कुत्ता तो दौड़ा। छोड़ा किसने?’’

तिने सांगितली ती किंमत मी दिली. तिने घासाघीस केली नाही, मीही नाही. ती मेलेले करडू फडक्यात गुंडाळून निघून गेली.

महाभारत सुरू होते ते एका कुत्र्याच्या माराने, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात राहते. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाच्या जागी एक कुत्र्याचे पिल्लू येते. राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे, सरमेकडे, जाते. आई आधी त्यालाच विचारते, तू काही अपराध केला असशील. ते म्हणते, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, चाटणे तर दूर. मग ती देवांची कुत्री सरळ राजापुढे जाऊन जाब विचारते. राजाकडे उत्तर नसते. आणि ती म्हणते, ज्याअर्थी निरपराध्याला मारलेत त्याअर्थी न दिसणारे भय तुमच्यावर येईल. मी वर्गात ही गोष्ट कितीदा सांगितली असेल. आमचा पवन्या निरपराध होता असे मी म्हणत नाही. करडू त्यानेच मारले. पण काठी बसली ती त्या क्षणी तो काय करीत होता? तो माझ्या हाकेला ओ देत होता. तेवढ्या कामापुरता तो निरपराधच होता, आणि मार त्याच कामाला पडला.

आणि ते न दिसणारे भय आले. त्या दिवसापासून पवन्या हाकेला येई, पण जवळ येत नसे. मी एकदा दोरीने मोजले. माझ्या हाताची आणि काठीची लांबी मिळून जेवढी होते त्याहून हातभर जास्त अंतरावर तो थांबे. काठी हातात नसली तरी तेवढेच. हे मोजमाप पाहून माझ्या पोटात काहीतरी हलले, कारण ते मला ओळखीचे होते. माझ्या वर्गात मागच्या दोन बाकांवर बसणारी मुले पुढे यायची तेव्हा टेबलापासून नेमकी तेवढ्याच अंतरावर उभी राहत. मी त्याला आदर म्हणत असे.

महिन्याभराने तो भिंतीवरून उडी मारून गेला. मी मागे धावलो. रूळ ओलांडून तो पलीकडच्या बाजूला उभा होता, एका सशाच्या मागे गेला असावा. मी अलीकडे. मी हाक मारली. तो माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. रुळांवर नाही, पण अगदी लगत. खंडव्याकडून मालगाडीचा आवाज येऊ लागला. मी ‘ये’ म्हणालो, ‘आ’ म्हणालो, ‘पवन्या बाळा’ म्हणालो. तो तिथेच. पुढे यावे तर काठी, मागे जावे तर मालकाची हाक मोडते. दोहोंच्या मध्ये, तो आपले हिशोबाचे अंतर धरून उभा होता. मग मी गप्प बसलो. त्याक्षणी जर तो माझ्यावर विश्वास ठेवून आला असता तर गाडीपुढे आला असता. आणि विश्वास नाही म्हणून तो जागचा हलला नाही, म्हणून वाचला. गाडी आमच्यामधून गेली. किती डबे होते देव जाणे. चाकांमधल्या फटींतून त्याचे पाय दिसत होते, तेच मी मोजत राहिलो, चार आहेत ना, चार आहेत ना. गाडी गेल्यावर मी रुळांकडे पाठ करून घरी चालू लागलो. तो मागून आला, हिशोबाचे अंतर ठेवून.

त्या रात्री मला झोप नाही आली. गावात माझे एक मित्र आहेत, निवृत्तच. ते म्हणाले, ‘‘गुरुजी, तुम्ही उगाच डोकं शिणवता. जनावराला मोकळं ठेवावं, त्याच्या स्वभावाप्रमाणं जगू द्यावं. शिकवणं म्हणजेच जुलूम.’’ ऐकायला हे फार गोड लागते. पण मोकळ्या कुत्र्याचे स्वातंत्र्य कुणाच्या शेळ्या खाऊन चालते? त्या बाईच्या. माझे औदार्य आणि तिचे करडू. शिवाय मोकळे कुत्रे रुळांवर किती दिवस जगते हे चांदनीत कुणाला सांगायला नको. तेव्हा शिकवायचे नाही हा मार्ग दिसायला दयेचा, पण त्याची किंमत दुसऱ्यांनी चुकवायची. आणि मुळातच पाळायला नको होते, हे म्हणणे खरे असले तरी पिल्लू ताटातून उचलून घेतल्यावर ते बोलण्यात अर्थ नव्हता.

तत्त्ववेत्त्यांकडे गेलो. कांट सांगतो की जनावराशी क्रूर वागू नये, कारण त्याने आपले मन माणसांच्या बाबतीतही निबर होते. म्हणजे कर्तव्य शेवटी माणसाशीच. बेंथमने १७८९ साली छापलेल्या ग्रंथात विचारले की त्यांना बुद्धी किंवा वाचा आहे का हा प्रश्नच नव्हे, त्यांना दुःख होते की नाही हा प्रश्न आहे. बेंथम मला जवळचा वाटतो. पण दोघांच्याही हिशोबात जनावर म्हणजे आपल्यासमोर असलेला कोणीतरी. ज्याला आपण स्वतः नाव घेऊन बोलावले त्याचे काय, हे ते विचारत नाहीत. विकी हर्न नावाची एक अमेरिकन बाई होती, कुत्र्या-घोड्यांना शिकवणारी आणि तत्त्वज्ञानही जाणणारी. १९८६ साली तिने लिहिलेल्या पुस्तकात हा विचार आहे की आज्ञा देण्याचा अधिकार कमवावा लागतो. तिच्या काही पद्धती मला फार कठोर वाटतात, त्या मी घेतल्या नाहीत. पण तो एक शब्द, कमवणे, माझ्याजवळ राहिला. धर्मराजाच्या शेवटच्या प्रवासात कुत्रा आपणहून मागे निघाला होता, तरी त्याने स्वर्गाच्या दाराशी त्याला टाकायचे नाकारले. आपणहून आलेल्याचे एवढे, तर बोलावून आणलेल्याचे किती?

आमच्या बुऱ्हाणपुरात एके काळी हुंडीवर मोठा व्यापार चाले. हुंडी म्हणजे कागदाचा कपटाच. तो दाखवल्यावर पेढीने पैसे मोजले तरच तो पैसा. एकदा जरी हुंडी परत गेली तरी पेढीचे नाव गेले, मग तिच्या तिजोरीत काही का असेना. मी ‘ये’ म्हणतो तेव्हा मी कुत्र्याला हुकूम सोडत नसतो, त्याच्या हाती हुंडी देत असतो: तू ये, इथे तुझे वाईट होणार नाही. तो आला आणि मी काठी चालवली, म्हणजे हुंडी फिरवली. मग तो ज्याला नकार देत होता ते माझे वर्चस्व नव्हते, माझी पत होती. आणि पत गेलेल्या माणसाने समोरच्याला हट्टी म्हणावे, यासारखा कांगावा नाही.

पुन्हा सुरुवात केली ती सौ.च्या सांगण्यावरून. तिने कधी पुस्तक उघडले नाही. ती म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही हाक मारता तेव्हा त्याचं काहीतरी संपतंच. खेळ संपतो, फिरणं संपतं, नाहीतर मार बसतो. मी असते तर मीसुद्धा आले नसते.’’ इतकी वर्षे संसार केल्यावर या वाक्याचा शेवटचा भाग केवळ कुत्र्याविषयीच होता असे मी समजत नाही.

शब्दही तिनेच दिला. ‘ये’ बाद झाला होता, ‘आ’ही बाद. ती म्हणाली, आमच्या वस्तीवर कुत्र्यांना कन्नडमध्ये हाक मारायचे, ‘बा’. बा म्हणजे ये. पिल्लू असताना मेहुण्यांच्या अंगणात त्याच्या कानावर पहिला शब्द तोच पडला असणार. आमच्या घरात तो दुसऱ्या कुणाच्या तोंडी नव्हता, म्हणून खराब झाला नव्हता. तेव्हापासून मी रोज पहाटे निमाडातल्या शेतात उभा राहून ‘बाऽऽ’ असे ओरडू लागलो. मराठी शेजाऱ्याला वाटले गुरुजींना म्हातारपणी वडिलांची आठवण येते. गुजराती शेजारीण म्हणाली, आईला हाक मारताहेत बिचारे.

कंबरेएवढी जाड नव्हे पण चांगली तीस फूट लांब दोरी घेतली. ती पट्ट्याला बांधून त्याला शेतात सोडायचे. हाक मारायची, आला की तळहातावर गुळाचा नव्हे, उकडलेल्या अंड्याचा तुकडा, आणि लगेच पुन्हा सोडून द्यायचे. दहातल्या नऊ वेळा सोडून द्यायचे, हे महत्त्वाचे. हाक म्हणजे शेवट नव्हे एवढे त्याला कळेपर्यंत. तो पळत असताना, तो सशाकडे बघत असताना हाक मारायचीच नाही, कारण तेव्हा तो येणार नाही हे मला ठाऊक आहे आणि मोडणारी हाक मारणे म्हणजे पुन्हा तेच. काठी मी घरात ठेवू लागलो. पायांना बरे नसते, तरी. आणि धावणे, हे तर त्याचे येणे बाकीच होते: रोज पहाटे नांगरलेल्या रानातून, लोकांची जनावरे बाहेर पडण्यापूर्वी, जीभ बाहेर येईपर्यंत. पहिले दोन महिने तो हातभर अंतर ठेवूनच मान लांब करून तुकडा घेई. मग वीतभर. एका पहाटे, मे महिना असावा, त्याने तुकडा घेतला आणि गेला नाही. माझ्या मांडीला खांदा टेकवून उभा राहिला, क्षितिजाकडे तोंड करून. मीही हललो नाही.

हे सारे करताना मी एकोणतीस-तीस वर्षांच्या पटावरची नावे आठवत असे. मुलांना मारणे कायद्याने बंद झाले ते २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने. त्याआधी मी किती मारले याची नोंद नाही. माझा एक जुना विद्यार्थी स्टेशनजवळ दुकान चालवतो. मला पाहिले की उठून हात जोडतो, चहा सांगतो, पैसे घेत नाही. चहा मात्र पोराच्या हाती पाठवतो, स्वतः गल्ल्यामागेच उभा राहतो. पूर्वी मला याचे फार कौतुक वाटे. गेल्या वर्षी एकदा मीच गल्ल्याजवळ गेलो आणि म्हणालो, ‘‘बाळ, मी तुला फार मारलं का रे?’’ तो हसला. म्हणाला, ‘‘जाऊ द्या ना सर, आमच्या भल्यासाठीच ना.’’ आणि बोलता बोलता नकळत एक पाऊल मागे सरला. पाठीमागे बिस्किटांचे फडताळ होते, म्हणून एकच.

कुत्र्याला अंड्याचा तुकडा देता येतो. त्याला मी काय द्यावे हे मला सुचलेले नाही. मी चहाचे पैसे ठेवले, त्याने ते परत केले.

पवन्या आता आठ वर्षांचा आहे. तोंडावरचे केस पांढरे होऊ लागलेत. नातू मोठा झाला, तोही त्याला ‘बा’ म्हणूनच बोलावतो. त्याला वाटते तो हिंदी शब्द आहे. ससा दिसला की आजही पवन्याच्या अंगातून वीज जाते. पाय उचललेला, मान ताणलेली, आणि मग एखाद्या वेळी, दर वेळी नव्हे, तो मान वळवून माझ्याकडे बघतो. त्याच्या पूर्वजांत ज्याने असे केले असते त्याची पिल्ले ठेवली गेली नसती, हे मला ठाऊक आहे; त्यामुळे त्या बघण्याचा आनंद मला निर्भेळपणे घेता येत नाही.

ती कोरकू बाई अजून त्याच वाटेने शेळ्या नेते. आम्हाला लांबून पाहिले की ती शेळ्या रस्त्याच्या पलीकडच्या कडेला घेते आणि करडे असतील तर उचलून काखेत धरते. पवन्या माझ्या पायाशी बसतो. ‘‘राम राम, मास्टरजी,’’ ती म्हणते. ‘‘राम राम, बाई,’’ मी म्हणतो. आठ-दहा शेळ्या जाईपर्यंत दोरीचा वेढा मी मनगटाभोवती एकदा जास्त गुंडाळून ठेवतो, तिला दिसेल असा.